सोमवारचं डोकं

गेटवर आधी तांब्याच्या पाटीला हात लावायचा.
अंगातली वीज जमिनीला देऊन टाकायची,
मग आत.
मोबाईल खोक्यात, टोकन एकशे बारा.
सेफ्टीपिन नाही, नायलॉन नाही,
जोडवी घरी डब्यात, हळदीच्या पुडीशेजारी.
पाठराबे सुपरवायझर म्हणतो,
"घर बाहेर ठेवून यायचं बाई, इथं फक्त हात आणायचे."
हात आणते.

शेडभोवती मातीचा बांध, दोन माणूस उंच.
त्यावर पळस आपोआप उगवलाय, कोणी लावला नाही.
बांध कशाला, ते ट्रेनिंगच्या पहिल्याच सकाळी सांगितलं:
उडालं तर वर जावं, शेजारी जाऊ नये.
एका शेडमध्ये माणसं चार. पाचवं नाही.
पांढऱ्या रंगानं दारावर तसं लिहिलंय.
"चारच काऊन वो?" रजनी लांजेवारनं विचारलं.
मी म्हटलं, "पाचव्याचा हिशेब त्यायले जड जाते."
खूप हसलो.
हसायला मनाई नाही, धावायला आहे.

दाणे मेथीसारखे. वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत.
कापडी पिशवीत भरायचे, तोंड शिवायचं,
उशी शिवते तशी मी शिवते,
बाळंतिणीच्या घरी नेतात तशी, एवढीशी.
पिशवी पुढे कुठे जाते ते माहीत नाही.
विचारायचं नाही, हे कागदावर सही करून दिलंय.

पण ट्रक मोजता येतात.
रोज दोन जायचे, एका उन्हाळ्यात सात झाले,
तीन पाळ्या लागल्या, पाठराबेची दाढी वाढली.
बातम्यांत तोफा दिसल्या त्या वीस दिवसांनी.
पानठेल्यावर माणसं नकाशे काढून भांडत होती,
मी शेंगदाण्याची पुडी घेऊन गप घरी आले.
त्या महिन्याच्या ओव्हरटाईमचा फ्रिज आहे.
चांगला चालतो.
रात्री मोटर थरथरून बंद पडते
तेव्हा कधी कधी जाग येते, एवढंच.

आता डोक्याचं सांगते.
दाण्यांतलं काहीतरी कातडीतून आत शिरतं.
रोज शिरलं तर अंग सोसतं, तक्रार नाही.
रविवारी सुटी मिळते आणि अंग विसरतं.
सोमवारी दहाच्या सुमारास
कपाळाच्या आत कोणी सुतार येऊन बसतो.
डिस्पेन्सरीत गोळी देतात, पांढरी, सगळ्याला तीच.
अनसूया मावशी रिटायर झाली, ती सांगते,
तिच्या वेळच्या बाया शनिवारी
पदराच्या टोकाला चिमूटभर बांधून घरी न्यायच्या,
रविवारभर हुंगायच्या.
"अंगाले विसरू द्याचं नाही, माय."
आता झडती कडक आहे.
आता आम्हाला विसरावंच लागतं.

यंदा पोळा शनिवारी आला, तान्हा पोळा रविवारी.
पियूषला लाकडी बैल हवा होता, चाकांचा.
बाजारात बाराशे म्हणाले.
मग त्याच्या मामानं कंपनीच्या लिलावातल्या
रद्दी खोक्याच्या फळ्या आणल्या,
कापून, घासून बैल केला. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू.
पोटाखालचा शिक्का मात्र घासून गेला नाही:
लॉट ४७, आणि एक बाण, वर तोंड केलेला.
सत्तेचाळीस आमच्या शेडचा.
कोणत्या आठवड्यातला तेही सांगू शकते.
पोरगा दारोदार फिरला, बोजारा गोळा केला,
एकशे साठ रुपये आणि एक पेन.
मी ओवाळलं. वाकून बघितलं नाही.

सोमवारी बस साडेसहाला.
रजनी खिडकीला डोकं टेकून म्हणते,
"अजून चढलं नाही, पण येते म्हणते."
दोन दिवसांची सुटी, म्हणजे आज दुप्पट येणार.
बांधावरचा पळस नुसता पानांचा, हिरवागार.
तांब्याची पाटी सकाळी गार असते.
मी जरा जास्त वेळ हात ठेवते.
मागची बाई म्हणते, "चाल न वो."