कान टोचलेला देवदूत

लोटलीच्या त्या हवेलीला आता पन्नास रुपये तिकीट.
दारात मी सवयीने चपला काढल्या;
फ्लावियानं हसून परत घालायला लावल्या.

"हे बरोक," छताकडे बोट करून ती म्हणाली.
म्हणजे सरळ रेघेला कंटाळलेलं लाकूड असावं:
पिळाचे खांब, वेली, शंख,
गाल फुगवलेली पोरं पंखांसकट.

शिंपल्यांच्या तावदानांतून ऊन येतं
पाणी घातलेल्या ताकासारखं.
नाचाच्या दालनात सतरंजीवर
सात-आठ मुलं घुमटावर थाप शिकताहेत.
"घोरपडीचं कातडं बंद, हे बकऱ्याचं,"
मास्तर सांगतात, कुणी विचारलेलं नसताना.
वर झुंबराचे लोलक किणकिणतात.

पाटीवर मालकांच्या सात पिढ्या.
खाली, बारीक अक्षरांत:
कोरीवकाम, स्थानिक कारागीर.

प्रार्थनेच्या खोलीत, कमानीवर,
उजवीकडून तिसरा देवदूत.
मान वाकडी करून पाहिलं तर
कानाच्या पाळीला भोक.
"वाळवी," फ्लाविया म्हणाली.
दोन्ही कानांना? एकाच उंचीवर?

बाराव्याला बाळाचे कान टोचतो आम्ही.
आमच्यातलाच कुणी, पाद्रीची पाठ वळल्यावर,
बारीक सामता फिरवला असेल त्यानं,
आणि रडू नको रे, म्हणाला असेल
सागवानाला.

फ्लावियाला हे सांगायचं राहूनच गेलं,
ती पुढच्या खोलीतल्या चिनी बशांवर पोचली होती.

निघताना वहीत अभिप्राय मागितला.
मी नुसतं नाव लिहिलं, सुलक्षा च्यारी.
च्यारी जरा ठळक झालं,
पेन दाबून चालतं माझं.