पॉइंट नंबर चार

रात्री साडेअकराला कन्ना चौकात बस लागली.
दारात रेवणसिद्ध, टूरचा गाईड,
लाल टोपी, गळ्यात शिट्टी, हातात यादी.
"बोद्दूल, दोन सीट. चाकावर आलीय. चालतंय की?"
चालतंय म्हणालो.
नागमणीनं आधी पिशवी आत सारली:
कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि एक लोकरीची टोपी,
जिला सोलापुरात कधी काम पडलं नाही.

मी पत्ते पाडायचो. खेळायचे नव्हे.
जेकार्डच्या मागावर चढतात ते, जाड पुठ्ठ्याचे.
छिद्र असेल तिथं धागा उचलतो,
नसेल तिथं पडून राहतो.
एवढ्यावर मोर होतो, हरिण होतं,
गिऱ्हाइकानं मागितला तर डोंगर.
डोंगराला आठशे चाळीस पत्ते.
धबधब्यासकट नऊशे दहा.
मूळ चित्र खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवरचं.
चोवीस वर्षं असे डोंगर बांधून पाठवले
हैदराबादला, सुरतेला, एकदा जहाजातून कुठंतरी.
स्वतः चढलेली सगळ्यात उंच जागा
कारखान्याची पाण्याची टाकी.

नातेपुत्याला चहा. फलटणला तांबडं फुटलं.
वाईच्या पुढं रेवणनं माईक दोनदा फुंकला:
"मंडळी, पसरणीचा घाट. डावीकडं बघा, डावीकडं!"
बस वळली. डावीकडचं उजवीकडं गेलं.
पुढच्या सीटवर गुंडेटीची सून
पिशवीत तोंड घालून बसली होती.
काचा आतून ओल्या.
कुणीतरी बाहीनं पुसली एक,
तर बाहेरूनही तसलंच.

पॉइंट नंबर एक: धुकं.
नंबर दोन: धुकं, आणि दोन घोडे.
तीनला दहा मिनिटं होती,
त्यातली सात बायकांची रांगेत गेली.
चारला रेवण कठड्यापाशी उभा राहिला,
शिट्टी मारली, पाठीमागच्या पांढऱ्याकडं हात केला.
"इथनं खाली दरी. समोर तीन डोंगर, एकामागं एक.
मधल्याच्या कमरेला पांढरी रेघ, तो धबधबा.
खाली नदी, नदीच्या वळणात गाव,
मोजून अकरा घरं."
चाळीस माणसं ओळीनं उभी, गुमान बघत.
नागमणी कठड्यावर वाकली. बराच वेळ वाकून होती.
मग माझ्याकडं न बघता म्हणाली,
"एमी लेदू."
काहीच नाही.

मला मात्र ते ओळखीचं वाटलं.
ताणा चढवलेला असतो,
आडवा धागा एकही गेलेला नसतो,
तेव्हा माग असाच दिसतो सकाळी,
वीज यायच्या आधी.

रेवणला बाजूला घेऊन विचारलं,
"मधला डोंगर वर टोकदार, का सपाट?"
त्यानं शिट्टी तोंडातून काढली.
"खरं सांगू का काका,
उन्हाळाभर मी वीटभट्टीवर हिशेब लिहितो.
टूर धरली जूनपासनं. मी कुठं बघितलाय?
आधीच्या गाईडनं लिहून दिलंय."
खिशातून काढून दाखवला:
घामानं मऊ झालेला पुठ्ठ्याचा तुकडा,
दोन्ही बाजूंनी बारीक अक्षर.
मी हातात घेतला.
कडेवरून अंगठा फिरवला. सवय.
"सपाट कर," म्हणालो. "सपाटाला पत्ते कमी लागतात."
तो हसला, पण पेन काढून लिहिलं खरं.

मग कणीस, मग चिक्कीची दुकानं,
"पंधरा मिनिटं, फक्त पंधरा,"
मग अंधार, आणि चाकावरची सीट.

दोनला कन्ना चौक. डांबर अजून कोमट.
नागमणीनं टोपी घरी येईस्तोवर काढली नाही.

सकाळी नळावर शेजारची यल्लव्वा विचारत होती,
काय काय बघितलं गं?
मी आत दात घासत ऐकलं.
"तीन डोंगर," नागमणी सांगत होती.
"मधला वर सपाट, परातीसारखा.
खाली नदी. नदीच्या वळणात गाव.
तो पोरगा अकरा घरं म्हणत होता,
पण बारा होती.
एक झाडाआड होतं,
त्याच्या मोजण्यात नाही आलं."