ओतीव की घडीव

गोर गावात, नदीच्या अलीकडे,
नोलीनच्या वर्कशॉपात क्रँकशाफ्ट दोरीला टांगलाय,
खाटकाकडे मेंढी असते तसा, उलटा.
ती लहान हातोडीनं टिचकी मारते
आणि कान पुढे करते. ऐकू येणारा, उजवा.

"ओतीव आहे," ती म्हणते. "ही बघ शिवण,
केसाएवढी. साच्याचे दोन अर्धे भेटले ती जागा.
घडीवाची शिवण बोटभर रुंद असते,
जास्तीचं पोलाद छाटल्याची खूण."

टिपेने खिशातून चार घड्यांचा कागद काढतो.
घडीव क्रँकची किंमत, जहाजाचं भाडं, कर,
आणि खाली बेरीज, दोनदा अधोरेखित.
त्याला घडीवच हवाय.
बासष्टची झेफर, सहा सिलिंडर, त्याच्या आधी तीन मालक.
शिवाय त्याच्या भावाचा क्रँक गेल्या हिवाळ्यात
लम्सडेनच्या रस्त्यावर मोडला,
दुधाचा टँकर मागे भोंगा वाजवत असताना.

नोलीन हात पुसते. प्रत्येक बोट वेगळं.
"घडीव म्हणजे लाल पोलाद घणाखाली.
त्यातले तंतू वळणाबरोबर वळतात,
लाकडातल्या रेषा फांदीपाशी वळतात तसे.
ओतीव म्हणजे पातळ लोखंड, वाळू,
आणि थंड होईतो वाट बघणं.
वाट बघण्याची गोष्ट कुणी सांगत नाही."

मी लेथखालचा कीस झाडत असतो.
घडीवाचा कीस लांब, कुरळा, बोटात अडकतो.
ओतीवाचा चहाच्या पुडीसारखा, सुपलीत मुकाट येतो.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,
हे मला लहानपणापासून पाठ.
पण झेफरला कुठे देव व्हायचंय?

"जाणार कुठे?" नोलीन विचारते.
"आईला घेऊन ब्लफला. मे महिन्यात. कालवं खायला."
"वेग?"
"आई शेजारी असताना?"
पहिल्यांदाच तो हसतो.

"क्लाइव्हनं घडीव घातला होता," ती म्हणते,
"शर्यतीसाठी. घर गहाण टाकायचं तेवढं राहिलं होतं.
क्रँकला ओरखडा नाही गेला.
कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला,
गरम तेल त्याच्या बुटात.
जे मोडत नाही ना, त्याच्या शेजारचं मोडतं."
ती मागच्या खिडकीकडे हनुवटी करते.
खिडकी उघडी राहावी म्हणून लावलेला
तो क्लाइव्हचा क्रँक. क्लाइव्हला जाऊन अकरा वर्षं झाली.

मग दिवे बंद. चुंबक, हिरवी पूड, जांभळा प्रकाश.
आम्ही तिघं अंधारात वाकून,
एका ओतीव अंगावरून नजर फिरवत.
पहिलं जर्नल. दुसरं. तिसरं.
चौथ्याच्या कोपऱ्यात, गोलाई सुरू होते तिथं,
एक हिरवी रेघ.
नखाएवढी.

बराच वेळ दिवा कुणी लावला नाही.
टिपेनेच्या कागदाचा आवाज आला.
मला वाटलं, झालं, घडीव जिंकला.

"विंटनला एक आहे," अंधारातून नोलीन म्हणाली,
"लोकरीच्या पोत्यांखाली. ओतीवच.
बिल मागणारा म्हातारा आहे, पण माल खरा."

शनिवारी आम्ही गेलो. तिघंही पुढच्याच सीटवर.
शेडमध्ये मेंढ्यांचा वास, दारात बर्फगार वारा.
म्हातारा किंमत सांगून कुत्र्याशी बोलत राहिला.
टिपेनेनं दोरी धरली, नोलीननं हातोडी त्याच्याकडे दिली.
"तूच मार."

त्यानं मारली.
देवळातल्या घंटेसारखा नाही वाजला.
बद्दही नाही वाजला.
दुसऱ्या खोलीतून, हातातलं काम न सोडता,
कुणी "हो" म्हणावं, तसा वाजला.

नोलीननं मान डावीकडे वळवली, उजवा कान पुढे,
आणि म्हणाली, "परत एकदा."