कल्ले

मंगळवारी शामात कुणी समुद्रावर जात नाही.
होड्या वाळूवर ओढलेल्या, जाळी शिवायला पसरलेली.
म्हणून तो मंगळवारीच आला,
पांढरे बूट, दोन कर्णे, एक जनरेटर
आणि गळ्यात भरून आणलेलं वादळ.

त्याला माझ्या मधल्या पोराचं नाव ठाऊक होतं.
घरामागे आम्ही तोडलेलं आंब्याचं झाड ठाऊक होतं.
एवढं ज्याला कळतं तो देवाकडूनच आला असणार,
बायका म्हणाल्या.
मीही मान डोलावली, खोटं कशाला सांगू.

मग म्हणाला, पोरांना ताप देणारी
इथंच राहते. तिला डोळा एकच.
आणि सगळी वस्ती एकदम वळली
न्यांकोमाच्या दाराकडे.

ती भट्टीशी बसली होती,
धुरात, मासे उलटत.
तिला ऐकूही कमी येतं.

तीस वर्षं मी मासळी विकत घेते.
बर्फातली मासळी डोळ्यांना फसवते,
पाणी मारलं की शिळंही चकाकतं,
आणि विकणारा तर शपथा घेतोच.
मी काही बोलत नाही. कल्ला उचलते.
बोट आत घालते, बोट नाकाशी नेते.
समुद्र येतो का नाकात, की नुसता बर्फ.

आमचे जुने धर्मशिक्षक एजिर
बाकावर खडू आपटत सांगायचे,
आत्मे पारखा म्हणजे आत्म्यांना भ्या असं नव्हे.
एवढंच विचारा :
हा बोलणारा त्याला ओळखतो का,
जो देह घेऊन आला?
भूक लागणारा, घाम येणारा,
खिळ्यांनी फाटणारा देह?
तेव्हा मला वाटायचं, हा परीक्षेतला प्रश्न.
उत्तर पाठ होतं. पैकीच्या पैकी गुण होते.

मी उठले. पाय लटपटत होते, तेही सांगते.
न्यांकोमाचा हात धरून तिला पुढे आणलं,
राखेने भरलेला हात, खवले चिकटलेला,
आणि म्हटलं, पास्टर, हिच्या डोक्यावर हात ठेवा.
आशीर्वाद द्या. तुमच्याच येशूच्या नावाने.
हिलाही देह आहे.

कर्णा किंचाळला.
त्याने बुटांकडे पाहिलं, मग राखेकडे,
मग म्हणाला, आत्मा आज मला आवरतो आहे.

पुढे काही मोठं घडलं नाही.
निम्मी माणसं घरी गेली.
निम्म्यांनी तरीही बादलीत पैसे टाकले,
माझ्या सख्ख्या जावेनेसुद्धा.
तिचं पोर मी पाठीला बांधून दवाखान्यात नेलं.
हिवताप. गोळ्या. तीन दिवस.
न्यांकोमाच्या दाराला अजून कुणी मीठ टाकून जातं.
ती ते गोळा करते आणि माशांना लावते.

आणि त्या रात्री
चटईवर पडल्यावर एक आवाज आला,
कर्णा नसलेला, गोड, अगदी जवळचा :
शाबास. सगळ्या गावात तुलाच कळलं.
बाकीच्या नुसत्या मेंढ्या.

किती बरं वाटलं म्हणून सांगू.
मी कूस बदलून ऐकत राहिले,
पुन्हा म्हण, म्हटलं, पुन्हा म्हण.

पहाटे होड्या निघाल्या तेव्हा
कुठे मी त्याचा कल्ला उचलला.
बोट नाकाशी नेलं.

हात धुतले.
वास अजून जात नाही.