बाजू ब

बर्फाच्या पाण्यात दहा तास बुडालेले हात
घरी आल्यावर तासभर तरी माझे नसतात.
आज एकवीस डबे कोलंबी सोलली,
तोडणकरने वहीत एकोणीस लिहिले.
भांडले नाही. हर्णै बंदरात लाँचा उशिरा लागल्या,
सगळ्यांचीच डोकी फिरलेली.

चुलीवर भात ठेवते, टेप लावते.
शिर्के मास्तर घर रिकामं करून गेले तेव्हा
एक खोका माझ्या ओटीवर ठेवून गेले,
त्यातली ही कॅसेट. वर निळ्या शाईत:
मारवा. बाजू ब.

मारवा म्हणजे काय ते मला विचारू नका.
मला त्यातला खोकला ठाऊक आहे,
मागे बसलेल्या कुणाचा तरी, दाबून धरलेला.
लांब भुंकणारं कुत्रं ठाऊक आहे.
आणि ती जागा,
जिथे गाणाऱ्या बाई सूर अर्ध्यात सोडून म्हणतात,
“थांबा हं. तार उतरलीय.”

मग खुंटीची करकर.
थोडं वर. नाही, थोडं खाली.
पुरतं दीड मिनिट.
एवढी सभा भरलेली
आणि कुणी ओरडत नाही,
कुणी घड्याळ दाखवत नाही,
कुणाच्या वहीत काही कमी होत नाही.

पुन्हा आवाज लागतो तेव्हा
भात खाली लागल्याचा वास येतो.
येऊ दे.
बोटं एकेक करून परत येतायत,
करंगळी आधी,
अंगठा सगळ्यात शेवटी.