सिस्टर

हिल्व्हरसमच्या स्टुडिओत अकरा वर्षं
वीत्स्के एकाच पांढऱ्या गणवेशात वावरली.
तीन लग्नं, एकदा आंधळेपण,
शेवटी लेखकांनी तिला कालव्यात ढकललं,
मंगळवारी, जाहिरातींच्या आधी.

त्यापूर्वी एक सिनेमा: समुद्राच्या बांधावर
सायकल धरून ती नुसती उभी,
सात मिनिटं, वारा आणि ती.
कुणी पाहिला नाही.
आईने पाहिला, दोनदा.

आता ती कार्टूनमधल्या बदकाचा आवाज.
केस विंचरावे लागत नाहीत.

हार्लिंगनच्या बाजारात मासेवाला
हेरिंगवर कांदा भुरभुरताना थबकतो:
"सिस्टर, तुम्ही बुडालात ना?"
ती सुटे पैसे मोजते.
"हो. पाणी फार खोल नव्हतं."

मग सवयीने बाही सारून
त्याच्या कापलेल्या बोटाला
रुमाल बांधते.
गाठ लगेच सुटते.
तो काही बोलत नाही.