दुसरी रेघ

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये बत्तीस वर्षं
मी नोटांचे ताव तपासले.
शाई फुटली, रेघ सरकली, की ताव बाजूला.
म्हणून हिचं नाव चिल्लर.
जेलरोडच्या रिक्षा स्टँडखाली मिळाली, मूठभर.

सोमवारी तिनं ओट्यावर उडी मारली
आणि अर्धीच पोचली.
मागचे पाय खाली लोंबत राहिले,
दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

हिंगमिरे डॉक्टरांनी तिचा मागचा पंजा
उलटा करून टेबलावर टेकवला.
धड मांजर लगेच सरळ करतं, म्हणाले.
आम्ही थांबलो.
बाहेर सिन्नरची एसटी भरली, सुटली.
पंजा तसाच.

मग रक्ताचे तीन थेंब, एक पांढरी पट्टी.
पहिली रेघ ठसठशीत.
दुसरीसाठी डॉक्टर चष्मा पुसू लागले.
मला ती आधीच दिसली होती,
वॉटरमार्कइतकी फिकी.

ल्युकेमियाचा विषाणू. आईकडूनच आला असेल.
मणक्यात गाठ? बहुधा.
पट्टी विषाणू सांगते, गाठ नाही सांगत.
त्यासाठी एमआरआय, पाठीतलं पाणी, मुंबई.
वय विचारलं. दोन, म्हणालो.
डॉक्टर ‘हं’ म्हणाले, लिहिलं काहीच नाही.

रात्री पुढच्या दोन पायांवर
स्वतःला ओढत ती उशाशी आली.
मी पाठीवरून बोट नेलं, मणका मणका,
इतक्या वर्षांचं सरावलेलं बोट,
कुठेच अडलं नाही.

पंचवटीला टोपलीचं वेगळं भाडं पडतं म्हणे.
सुट्टे काढून ठेवलेत.